नायगांवच्या माळावरची वाट

नांदेडहून देगलूरकडे हमरस्त्यानें जाणाऱ्या प्रवाशास नायगांवांत थांबावें असें सहसा वाटत नाहीं. मोटारीच्या खिडकींतून दुकानांची एक रांग दिसते, कापसानें भरलेली एखादी गाडी दिसते, आणि पुढें नरसीचा चौफुला येईपर्यंत दोहों बाजूंस काळें रान पसरलेलें असतें. ज्याला किल्ला पाहावयाचा तो कंधारास जातो. ज्याला चालुक्यांच्या काळचीं देवळें पाहावयाचीं तो देगलूराजवळ होट्टलास जातो. पूर्वीं बिलोली तालुक्यांत मोडणारें आणि आतां स्वतः तालुक्याचें ठिकाण झालेलें आमचें गांव कोणी मुद्दाम पाहावयास येत नाहीं. त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. मी आज वाचकांस गांव दाखविणारही नाहीं. गांवाबाहेरच्या माळावर चढणारी एक वाट तेवढी दाखविणार आहें. गेल्या वर्षीं ती कायमची बंद होतां होतां राहिली, आणि त्याला निमित्त माझ्याच घरचें मूल झालें होतें.

ही वाट गांवाबाहेर पडली कीं प्रथम पाणंद असते. दोन्ही अंगांस शेतांचे बांध, बांधांवर बाभळी आणि बोरी, आणि मध्यें एक बैलगाडी सुखानें जाईल एवढी जागा. अर्ध्या कोसावर शेतें संपतात आणि गायरान लागतें. तेथून गाडीवाट वळसा घेऊन पलीकडच्या वाडीस जाते, आणि एक पाऊलवाट सरळ माळाच्या माथ्यावर चढून त्याच वाडीस उतरते. आमचा माळ म्हणजे सह्याद्रि नव्हे. बालाघाटाचे डोंगर मुखेड-कंधाराकडे राहिले. येथें नुसता एक लांबट उंचवटा आहे, त्यावर मुरूम, तरवड, पळस आणि सीताफळीचीं झुडपें. पण माथ्यावर उभें राहिलें म्हणजे चारी दिशांचें क्षितिज मोकळें दिसतें, आणि फाल्गुनांत पळस फुलला म्हणजे हाच रुक्ष माळ ओळखूं येत नाहीं.

माळापलीकडच्या त्या वाडींत मीं एकतीस वर्षें मास्तरकी केली. पहिलीं कांहीं वर्षें पायीं गेलों. पुढें काळ्या रंगाची एक भक्कम सायकल घेतली, ती अद्याप घरीं आहे. मृगाचा पाऊस पडला कीं काळ्या मातीचे लाडू चाक आणि मडगार्ड यांच्यामध्यें असे घट्ट बसत कीं चाक फिरेनासें होई. मग बाभळीच्या काटकीनें माती उकरीत आणि अखेरीस सायकल खांद्यावर घेऊन मी शाळेंत पोंचत असें. मुलें ओरडत, "आज सायकल गुरुजींवर बसून आली!" त्या मुलांपैकीं पुष्कळ जण आतां स्वतः आजे झाले आहेत. या वाटेवरील कोणता खळगा कोठें, बोरीचें झाड कोणत्या वळणावर, हें मला डोळे मिटूनही सांगतां येईल.

गेल्या वर्षीं दिवाळीस पुण्याहून चिरंजीव, सूनबाई आणि नातू आले. नातू अठरा वर्षांचा, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्गांत. मोटारीच्या पाठीवर त्याची सायकल बांधलेली होती. ढाळजेंत ती उभी करतांच घरांतील सर्व मंडळी भोंवतीं जमली. मनगटाएवढ्या जाड टायरी, पुढच्या चाकास धक्के सोसणारी दांडी, एका बोटानें दाबतांच चाक जागच्या जागीं धरणारा ब्रेक. आणि मडगार्ड, कॅरिअर, घंटी यांपैकीं एकही वस्तु नाहीं! आमच्या घरांतून पृच्छा झाली, "अरे, पण मग दळणाचा डबा ठेवायचा कुठें?" किंमत मीं विचारली तेव्हां नातवानें विषय बदलला.

ही डोंगरी सायकल, म्हणजे 'माउंटन बाइक', अमेरिकेंत जन्मली. कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत, टॅमलपाइस डोंगराच्या परिसरांत, १९७० नंतरच्या दशकांत कांहीं तरुण जुन्या, जाड टायरींच्या सायकली घेऊन कच्च्या उतारावरून सुटत. १९७६ सालीं त्यांनीं तेथें शर्यती सुरू केल्या. एका उतारावर मागच्या चाकांतील ब्रेक इतका तापे कीं आंतलें वंगण जळून जाई आणि तें पुन्हां भरावें लागे. म्हणून त्या उतारासच 'रीपॅक' असें नांव पडलें. नातवानें हें सर्व मोठ्या अभिमानानें सांगितलें आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे आमच्या माळाची परीक्षा घेण्याचें ठरविलें.

पहाटे मीही माझी सायकल काढली. पाणंद संपेपर्यंत आम्ही बरोबर होतों. गायरानाशीं मी थांबलों, तो पाऊलवाटेनें वर गेला. "आजोबा, हा डोंगर?" एवढें हंसून तो दिसेनासा झाला. थोड्या वेळानें वरून खडे उडाल्याचा आवाज आला. बोरीच्या वळणापलीकडून एक वृद्ध बाई डोईवर गवताचा भारा घेऊन माझ्याच दिशेनें उतरत होती. तिला मागचें दिसत नव्हतें, आणि घंटी नसल्यामुळें ऐकूंही आलें नाहीं. नातू वळणावर आला, ब्रेक दाबला, सायकल बाईपासून हातभर अंतरावर थांबली. धक्का लागला नाहीं. पण ती दचकून वाटेखालीं उतरली, पाय खळग्यांत मुरगळला, आणि भाऱ्यासकट ती तरवडांत बसली.

आम्ही दोघांनीं तिला उठविलें. मी तिला लहानपणापासून ओळखतों. तिचा मुलगा माझा विद्यार्थी. नातवाचें तोंड पांढरें पडलें होतें. भारा माझ्या सायकलीच्या कॅरिअरवर बांधला आणि बाईस धरधरून घरीं पोंचविलें. संध्याकाळीं आमच्या घरांतून आंबेहळदीचा लेप गेला. मला वाटलें, क्षमा मागितली, लेप दिला, प्रकरण मिटलें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों पाणंदीच्या तोंडाशीं बाभळीच्या फांद्या आडव्या टाकून वाट बंद केलेली! "सायकलवाले पुण्या-नांदेडाहून येतील आणि आमचीं माणसें मारतील, त्यापेक्षां वाटच नको," असा कांहीं मंडळींचा निर्णय झाला होता.

त्या रात्रीं ढाळजेंत नातवाशीं बराच वाद झाला. त्याचें म्हणणें, "आजोबा, चूक माझीच झाली. पण गायरान सरकारी आहे, म्हणजे सर्वांचें आहे. मला कायद्यानें कोण अडवणार?" मीं म्हटलें, "सर्वांचें असेल तर त्या बाईचेंही आहे. तूं आलास म्हणून तिनें खळग्यांत कां उतरावें?" तो गप्प झाला, मग त्यानेंच परदेशांत या प्रश्नाचा निकाल कसा लावला आहे तें मला सांगितलें. वाचकांसही तें उद्बोधक वाटेल.

अमेरिकेंत १९६४ सालच्या कायद्यानें जीं रानें अगदीं निसर्गावर सोडून दिलीं, तेथें यांत्रिक वाहतूक वर्ज्य आहे. १९८४ सालीं तेथील वनखात्यानें सायकलीसही त्यांत धरलें, आणि सायकलस्वारांचा त्यावरील वाद अजून शमलेला नाहीं. इंग्लंडांत व वेल्समध्यें १९६८ सालच्या कायद्यानें जुन्या घोडेवाटांवरून सायकल नेण्याचा हक्क दिला. पण त्याच कलमांत अट घातली कीं, सायकलस्वारानें पायीं चालणारास आणि घोडेस्वारास वाट द्यावी. स्कॉटलंडनें २००३ सालीं आणखी पुढें पाऊल टाकलें: जमीन कोणाचीही असो, जबाबदारीनें वागणारास बहुतेक रानांतून पायीं किंवा सायकलीनें जाण्याचा हक्क आहे. जबाबदारी सुटली कीं हक्कही सुटतो. आपल्याकडे अभयारण्यांचा नियम निराळा आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें तेथें परवान्यावांचून बाहेरच्यास शिरतां येत नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत किनवटाच्या बाजूस पैनगंगा अभयारण्य आहे, तेथें सायकल खांद्यावर घेतली तरी हाच नियम. पण गायरान आणि पाणंद हें अभयारण्य नव्हे. तेथें माणसांनींच माणसांशीं जुळवून घ्यावयाचें असतें.

हें ऐकतांना मला मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांतील एक यादी आठवली. वाटेंत समोर कोण आला असतां बाजूला सरून त्याला वाट द्यावी, हें तेथें सांगितलें आहे: चक्री, म्हणजे चाकांच्या वाहनांतून जाणारा, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, ओझें वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा, आणि लग्नास निघालेला वर. नातू एकदम उसळून म्हणाला, "पाहा! चाकवाला पहिला!" घरांत हंशा पिकला. मीं त्याला विचारलें, "त्या काळीं चाकवाला म्हणजे कोण? बैल किंवा घोडे जुंपलेली गाडी, जिचें चाक चाकोरींतून काढणें कष्टाचें. म्हातारा, आजारी, भारा घेतलेला, यांनाही चटकन् सरतां येत नाहीं. स्नातक आणि राजा यांना मान म्हणून वाट. वराला त्या दिवसाचा मान. पण बाकीच्या यादीचा भाव मला असा दिसतो कीं, ज्याला सरणें अवघड, त्याला वाट. तुझी सायकल एका बोटानें थांबते. त्या बाईच्या डोईवर भारा, वय पंचाहत्तर, आणि ती स्त्री. यादींतलीं दोन कारणें तिच्याकडे आहेत, तुझ्याकडे चाकाचेंही धड नाहीं." यावर त्यानें कांहीं उत्तर दिलें नाहीं. सकाळीं तो एकटाच त्या बाईच्या घरीं गेला.

मी मागून गेलों तेव्हां ती ओट्यावर पाय लांब करून बसली होती आणि नातू खालीं मान घालून उभा होता. मीं म्हटलें, "मावशी, वाट बंद झाली तें ठीकच झालें. पोरांना तेवढी अद्दल." ती माझ्याकडे पाहतच राहिली. "गुरुजी, तुमी शिकलेले मानूस असं कसं बोलताव? वाट बंद झाली तर म्या भारा कुठून आनू? हमरस्त्यानं? तिथं तर टरका हायत्या. ह्या लेकरानं निदान थांबवली तरी." मग नातवाकडे वळून म्हणाली, "बाळा, ये माळावर, खुशाल ये. पन मानूस दिसलं की उतर."

मला स्वतःची लाज वाटली. ज्या बाईच्या नांवानें कांटे पडले होते, त्या कांट्यांचा सर्वांत मोठा जाच तिलाच होता, हें एकतीस वर्षें त्या वाटेनें जाऊनही माझ्या ध्यानांत आलें नव्हतें.

त्याच संध्याकाळीं मारुतीच्या पारावर मंडळी जमली. वाट बंदच ठेवावी असा आग्रह धरणारांत पाणंदीला लागून जमीन असलेले एक गृहस्थ सर्वांत पुढें होते. तेव्हां मेंढरें राखणारे एक वृद्ध गृहस्थ शांतपणें म्हणाले, "गुरुजी, वाटंवर चार वरीस कुनी फिरकलं न्हाई, की पाचव्या वरसाला तिथं नांगर फिरतो." सभेंत एकदम शांतता झाली. दुसऱ्या दिवशीं आम्हीं दोरीनें पाणंद मोजली. जेथें माझ्या आठवणींत गाडी सुखानें जात होती, तेथें एके ठिकाणीं जेमतेम पांच फूट उरली होती. दर सालीं एखाद-दुसरें तास बांधाबाहेर पडत गेलें असावें. कोणाच्या डोळ्यांवर आलें नाहीं. कांट्यांनीं सायकलवाला थांबला असता खरा, पण दोन-चार वर्षांनीं वाटच राहिली नसती.

वाटेचें हें दुखणें आजचें नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत वाटांचीं मापें दिलीं आहेत. माणसें व लहान जनावरें यांच्या वाटेस दोन अरत्नि, गुरांच्या वाटेस चार, रथाच्या वाटेस पांच, आणि शेतवाटेस दोन दंड. अरत्नि म्हणजे सुमारें दीड फूट, आणि चार अरत्नींचा एक दंड; तेव्हां शेतवाट सुमारें बारा फुटांची झाली. वाट अडविणारास दंडही आहे: माणसांची व लहान जनावरांची वाट अडविली तर बारा पण, गुरांची अडविली तर चोवीस, शेतवाट अडविली तर चोपन्न. आतां गंमत पाहा. महाराष्ट्राच्या महसूल विभागानें २०२५ च्या मे महिन्यांत शेतरस्त्यांसंबंधीं निर्णय काढला. त्यांत शेतरस्ता ३ ते ४ मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांत व्हावी, असें सांगितलें आहे. तीन ते चार मीटर म्हणजे दहा ते तेरा फूट. दोन हजार वर्षांत बैलगाडीच्या जागीं ट्रॅक्टर आला, पण वाटेची रुंदी जवळजवळ तीच राहिली.

वाट अडली असतां दाद मागण्याची सोय पूर्वींपासून आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या १४३ व्या कलमाखालीं बांधावरून जाण्यायेण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदारांस देतां येतो. मामलेदार न्यायालयांचा १९०६ सालचा कायदा वहिवाटीच्या वाटेवरील अडथळा काढवितो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत दाद मागावी लागते. गायरानासारख्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें दूर करावींत असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं, पंजाबांतील एका गांवच्या तळ्याच्या खटल्यांत, बजावून सांगितलें आहे. परंतु कायदा झाला तरी तो स्वतः होऊन पाणंदीवर उभा राहत नाहीं. वाट अडली हें कोणाच्या तरी पायांस आधीं कळावें लागतें.

पारावर बराच खल होऊन अखेर चार गोष्टी ठरल्या. पहिली: कांटे काढावे, सायकल आणावयाची तर तिला घंटी असावी, वळणापूर्वीं ती वाजवावी, आणि समोर माणूस, भारा किंवा जनावर दिसतांच उतरून बाजूस उभें राहावें. दुसरी: पाऊस पडल्यावर वाफसा येईपर्यंत चाक माळावर नेऊं नये. ओल्या मातींत चाकाची चाकोरी उमटली कीं पुढच्या सरींत पाणी तींतूनच धांवतें, तिचा ओघळ होतो, आणि दोन पावसाळ्यांत वाट वाहून जाते; ही गोष्ट शेतकऱ्यांनीं सांगितली, नातवाला ठाऊक नव्हती. तिसरी: मळलेली वाट सोडून नवी वाट पाडूं नये. चैत्र-वैशाखांत टिटवी उघड्या मुरमावर अंडीं घालते, आणि तीं खड्यांसारखींच दिसतात. वाट सोडून चालणाऱ्या चाकास तीं दिसावयाचीं नाहींत. चौथी: जो या वाटेचा उपयोग करील त्यानें वर्षांतून एक दिवस तिच्यावर खपावें.

पाणंदीच्या मोजणीसाठीं तहसिलींत अर्जही दिला. लगतच्या त्या गृहस्थांनीं पहिल्या दिवशीं सही केली नाहीं. दुसऱ्या दिवशीं आपण होऊन केली. त्यांचाही ट्रॅक्टर त्याच पाणंदीनें जातो. मोजणी अजून व्हावयाची आहे.

यंदा वैशाखांत नातू पुन्हां आला. बरोबर दोन मित्र होते. सकाळीं सायकली चालवून दुपार टळल्यावर तिघांनीं घमेलीं घेतलीं आणि बोरीच्या वळणावरचा खळगा मुरूम घालून बुजविला. हात फोडांनीं भरले, पण तक्रार ऐकूं आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहाटे मी वळणाखालीं उभा होतों. प्रथम घंटी ऐकूं आली. वरून नातू येत होता, खालून ती बाई निघाली होती. अजून किंचित् लंगडते. तो उतरला, सायकल बांधाकडे घेऊन उभा राहिला. ती पुढें गेली आणि मागें न पाहतां म्हणाली, "घंटी चांगली हाय रे. पर जरा मोठी वाजव, मला कमी ऐकूं येतंय." त्यानें तींच घंटी पुन्हां एकदां वाजवून दाखविली.

वाचकहो, आपणांपैकीं बहुतेकांच्या मूळ गांवीं अशी एखादी वाट असेल. सुट्टींत मुलांस घेऊन देवदर्शनास जालच; एक सकाळ त्या वाटेसाठीं राखून ठेवावी. पायीं जा किंवा सायकलीनें जा, पण जा. रुंदी किती उरली आहे तें पाहा, आणि समोरून भारा आला तर मुलांस सांगा कीं, बाजूला उभें राहावयाचें असतें.